उर्जा टेंबे, सरहद्द पोलीस

कागदपत्रांच्या बाबतीत श्रीधर टेंबेला कुणी कधी पेचात पकडलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्याला मनापासून अभिमान होता. लुडविग्सहाफेनच्या मोठ्या रसायन कारखान्यात तो संशोधक होता, रंगांवरच्या दोन पेटंटांवर त्याचं नाव होतं. पण आसपासची मराठी मंडळी त्याला ओळखायची ती व्हिसाचा जाणकार म्हणून. कुणाचे आईवडील यायचे असले, कुणाला उन्हाळ्यात गाडी काढून इटलीपर्यंत जायचं असलं, की फोन टेंबेकडे यायचा. तो आधी सगळं ऐकून घ्यायचा आणि मग एकेक प्रश्न विचारायचा. विमा काढलाय का, आमंत्रणपत्रावर शिक्का कुणाचा आहे, पासपोर्टावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव एकच आहे ना. त्याने बघून दिलेले कागद परत आले असं झालं नव्हतं.

ही सवय त्याला शौकाने लागली नव्हती. १९७५ साली तो डॉक्टरेटसाठी कायझर्सलाउटर्नला आला तेव्हा फ्रान्सची हद्द गाडीने तासाभरावर होती, पण ती ओलांडायची तर आधी व्हिसासाठी खेटे घालावे लागत. एवढं करून सरहद्दीवर गेलं, की पुढच्या सगळ्या गाड्या हाताच्या एका इशाऱ्यावर निघून जायच्या आणि श्रीधरची गाडी आली की तोच हात आडवा व्हायचा. गाडी बाजूला घ्या. डिकी उघडा. कुठून आलात, कशाला आलात, परत कधी जाणार. खिडकीतला माणूस पासपोर्टाचं एकेक पान उलटायचा आणि उलटताना त्याच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते श्रीधरच्या मनातून कधी गेलं नाही. आपल्या कागदात या माणसाला खोट सापडू द्यायची नाही, एवढं त्याने तेव्हाच ठरवून टाकलं. पुढे जर्मन नागरिकत्व घ्यायची सोय झाली, बरोबरच्या बऱ्याच जणांनी ते घेतलंही, पण त्याने भारताचा पासपोर्ट सोडला नाही. तीन सिंहांचा शिक्का असलेलं ते निळं पुस्तक खिडकीत सरकवताना तो मान ताठ ठेवायचा.

म्हणूनच उर्जाने केलं ते त्याच्या फार जिव्हारी लागलं.

उर्जा ही त्याची एकुलती एक मुलगी. लुडविग्सहाफेनलाच जन्मली, वाढली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमधून यायचं. गणित उत्तम, शाळेच्या हँडबॉल संघाची कप्तान. शाळेची शेवटची परीक्षा झाली तेव्हा श्रीधरने कायझर्सलाउटर्नच्या विद्यापीठाची माहितीपत्रकं आणून टेबलावर ठेवली होती. रात्री जेवताना तिने ती हळूच बाजूला सरकवली आणि सांगितलं, की तिने सरहद्द पोलिसांत अर्ज केलाय. तीन वर्षांचं शिक्षण, मग अधिकारी. जर्मन नागरिकत्व तिने अठराव्या वर्षीच घेतलं होतं, ते यासाठी, हे श्रीधरला तेव्हा कळलं.

"का?" त्याने एवढंच विचारलं.

"बाबा, प्रत्येक सुट्टीत आपलीच गाडी बाजूला घ्यायचे," उर्जा जर्मनमध्ये म्हणाली. "त्या खिडकीत कुणीतरी आपल्यासारखं दिसणारं बसलं पाहिजे."

"म्हणजे तू त्यांच्यातली होणार."

"गेनाऊ," ती म्हणाली. अगदी बरोबर.

विभावरीने, म्हणजे श्रीधरच्या बायकोने, त्या रात्री त्याची समजूत घालायचा प्रयत्न केला. "अहो, चोरी नाही करत पोरगी. शिकून नोकरी करतेय." त्याने ऐकून घेतलं आणि दिवा मालवला. पुढे उर्जा शिकली, उत्तम गुणांनी पास झाली, आणि तिची नेमणूक दक्षिणेला, बाझल शहराला लागून असलेल्या हद्दीवर झाली. शपथविधीला विभावरी एकटी जाऊन आली. साताऱ्याहून फोन आला, कुणी विचारलं, उर्जा काय करते, तर श्रीधर सांगायचा, "सरकारी नोकरीत आहे. ऑफिसात." हे खोटं नव्हतं, आणि खरंही नव्हतं.

२००७च्या जुलैमध्ये त्याची थोरली बहीण आली. कुंदाताई साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. गुडघे कुरकुरत होते, पण पाठीचा कणा अजून शाळेच्या प्रार्थनेला उभी असल्यासारखा सरळ. तिचे यजमान उल्हासराव यांना विमानप्रवास मानवत नव्हता, म्हणून या वेळी ती एकटीच आली होती. आल्या आल्या तिने जाहीर करून टाकलं, "श्री, मला राजवाडे नकोत आणि दुकानं नकोत. मला राइन वळते ती जागा बघायची आहे."

"कुठे वळते?"

"तू माझा भाऊ ना? बाझलला. आल्प्समधून उतरते, पश्चिमेकडे जाते आणि बाझलला काटकोनात उत्तरेकडे वळते. एवढी वर्षं फळ्यावर खडूने वळवलीय मी ती. एकदा बघते तरी, खरंच वळते का."

बाझल स्वित्झर्लंडमध्ये, आणि तेव्हा स्वित्झर्लंडचा व्हिसा वेगळा लागायचा. तो काढून आणायला श्रीधरने तिला आधीच सांगितलं होतं. मुंबईहून निघण्यापूर्वी दोन्ही व्हिशांच्या छायाप्रती त्याने मागवून घेतल्या होत्या. नाव बरोबर, तारखा बरोबर. उर्जाच्या ड्यूटीचीही त्याने विभावरीकडे सहज विचारल्यासारखी चौकशी केली. त्या आठवड्यात ती बाझलमधल्या जर्मन रेल्वेच्या स्टेशनवर होती, हमरस्त्यावरच्या हद्दीवर नाही. मग त्याने बुधवार ठरवला. विभावरीला सुट्टी मिळाली नाही, तेव्हा भाऊ-बहीण दोघंच सकाळी लवकर निघाले.

रस्ता दक्षिणेकडे सरळसोट. डावीकडे काळसर डोंगरांची रांग, उजवीकडे झाडांच्या पलीकडे कुठेतरी राइन. कुंदाताई मांडीवर नकाशा उघडून बसली होती आणि येणारं प्रत्येक गाव आधी नकाशात, मग पाटीवर वाचत होती. दुपारच्या आत हद्द आली. जर्मन बाजूने त्यांना कुणी थांबवलंच नाही. स्विस अधिकाऱ्याने कुंदाताईचा पासपोर्ट बघितला, त्यावर शिक्का मारला आणि "सहल चांगली होवो" असं म्हणून परत दिला.

"एवढंच?" कुंदाताईने विचारलं.

"कागद नीट असले की एवढंच असतं, ताई," श्रीधर म्हणाला, आणि ते म्हणताना त्याला बरं वाटलं.

बाझलच्या मोठ्या चर्चच्या मागे एक उंच गच्ची आहे. तिथून खाली राइन दिसते. कुंदाताई कठड्याशी जाऊन उभी राहिली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. पाणी हिरवट आणि जोरदार. पूर्वेकडून आलेला तो प्रवाह तिच्या पायाखाली रुंद वळण घेऊन पुलांखालून उत्तरेला निघून जात होता. मग तर्जनी उचलून तिने हवेत ती रेघ ओढली, फळ्यावर ओढावी तशी.

"बरोबर शिकवलं मी," ती म्हणाली.

खाली एक लहान नाव तारेला धरून, इंजिनाशिवाय, नुसत्या प्रवाहाच्या जोरावर या काठावरून त्या काठावर जात होती. तिच्यात बसायचा हट्ट कुंदाताईने पुरा करून घेतला. परत काठावर येताना ती म्हणाली, "उर्जा इथेच जवळ असते ना? विभा म्हणत होती. येताजाता भेटू तिला."

"ड्यूटीवर असेल ती," श्रीधर म्हणाला. "रविवारी येणारच आहे घरी."

"ड्यूटी म्हणजे? ऑफिसात कसली ड्यूटी?"

"असते इथे," तो म्हणाला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला.

परतताना हद्दीवर गाड्यांची चांगलीच रांग होती. सुट्टीचे दिवस, सगळं जग उत्तरेकडे निघालेलं. छपराखाली चार ओळी होत्या. श्रीधर तिसऱ्या ओळीत शिरला. पुढच्या गाड्या हळूहळू सरकत होत्या. दोन गाड्या उरल्या तेव्हा त्याला हिरव्या जॅकेटमधली ती आकृती दिसली. उंच, केस मागे घट्ट बांधलेले, कमरेला पिस्तूल. ती वाकून पुढच्या गाडीतल्या माणसाशी काहीतरी बोलताना दिसली आणि त्या वाकण्याच्या ढबीवरून त्याने तिला ओळखलं. ओळ बदलायला आता जागा नव्हती.

गाडी तिच्यासमोर आली. त्याने काच खाली केली.

"गुटेन टाग. पासपोर्ट, बिट्टे," उर्जा म्हणाली, आणि मग गाडीत कोण आहे ते तिला दिसलं. तिच्या छातीवर नावाची पट्टी होती. टेंबे.

"श्री," कुंदाताई हळू आवाजात म्हणाली, "अरे, ही आपली उर्जा."

"आत्या," उर्जा म्हणाली. तिचा चेहरा उजळला आणि लगेच पुन्हा कामावर आला. "सहकारी आजारी पडला, म्हणून मला इकडे पाठवलं," असं ती वडिलांना जर्मनमध्ये म्हणाली आणि हात पुढे केला. श्रीधरने दोन्ही पासपोर्ट दिले. आपला पासपोर्ट आपल्याच मुलीच्या हातात तपासायला देताना काय वाटावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. तिने त्याचा बघून मिटला. आत्याचा उघडला. व्हिशाच्या पानावर आली, पुढे गेली, स्विस शिक्का बघितला, पुन्हा मागे आली. तिचा अंगठा तिथेच थांबला.

श्रीधर आयुष्यभर असे अंगठे बघत आला होता.

"बाबा," ती खालच्या आवाजात म्हणाली, "आत्याचा जर्मनीचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे. फ्रँकफर्टला उतरली तेव्हा तो वापरला गेला. आज सकाळी ती बाहेर पडली. आता त्यावर आत येता येत नाही."

त्याने पासपोर्ट जवळजवळ ओढून घेतला. प्रवेशांची संख्या. चौकोनात स्वच्छ छापलं होतं, एक. गेल्या खेपेला कुंदाताई आली होती तेव्हा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळाला होता, आणि या वेळी त्याने नाव बघितलं, तारखा बघितल्या, तो चौकोन बघितलाच नव्हता. गावभरच्या लोकांचे कागद तपासणारा श्रीधर टेंबे सख्ख्या बहिणीच्या कागदात चुकला होता.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. उर्जाचा सहकारी पलीकडच्या ओळीत पाठमोरा उभा होता. श्रीधर मराठीत, जेमतेम ऐकू जाईल असं बोलला.

"उर्जा, ते पान तू बघितलंच नाहीस असं समज. कुणाचं लक्ष नाही. आम्ही निघतो."

उर्जाने पासपोर्ट त्याच्या हातातून परत घेतला, सरळ उभी राहिली आणि बाजूच्या मोकळ्या जागेकडे हात केला.

"फारेन झी बिट्टे रेख्ट्स रान," ती म्हणाली.

गाडी उजवीकडे घ्या. वाक्य साधं होतं. सगळी मेख त्या 'झी'मध्ये होती. घरात ती त्याला 'डू' म्हणायची, एकेरी, सगळी जर्मन मुलं बापाला म्हणतात तसं. परक्या माणसाला म्हणायचं ते 'झी' तिने त्याच्यासाठी आजवर कधी वापरलं नव्हतं. पोटची पोर त्याला अहोजाहो करत होती आणि त्याच हाताने बाजूला काढत होती, ज्या हाताने त्याला सगळ्यांनी काढलं होतं.

त्याने गाडी बाजूला घेतली. हात स्टिअरिंगवर तसेच राहिले.

उर्जा पासपोर्ट घेऊन तिथल्या प्रमुखाकडे गेली. ब्रेनर नावाचा तो पन्नाशीचा, जाड मिशांचा माणूस दारातच उभा होता, त्यामुळे तिचं बोलणं गाडीपर्यंत ऐकू आलं. "ही माझी आत्या आहे आणि गाडी चालवणारे माझे वडील आहेत. व्हिसा एका प्रवेशाचा, आणि तो वापरून झालाय. या प्रकरणात मला काही ठरवता येणार नाही. तुम्ही बघा." पासपोर्ट तिने त्याच्या हातात दिले आणि वळून पुन्हा आपल्या ओळीत जाऊन उभी राहिली. गाडीकडे तिने बघितलं नाही.

"एक शब्द बोलली नाही आपल्यासाठी," श्रीधर म्हणाला.

कुंदाताई खिडकीतून बाहेर बघत होती. "बोलली की," ती म्हणाली. "सगळं खरं बोलली."

ब्रेनरने त्यांना आत बोलावलं. खोलीला बाहेरच्या बाजूने मोठी काच होती, भिंतीवर नकाशा आणि एका कोपऱ्यात कॉफीचं मशीन. श्रीधर बसला नाही. त्याने उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली, की तो या देशात तीसहून जास्त वर्षं राहतोय, नोकरी करतोय, कर भरतोय, त्याच्या बहिणीच्या परतीच्या विमानाचं तिकीट तयार आहे, आणि चूक बहिणीची नाही, कागद त्याने तपासले होते. शेवटचं वाक्य म्हणताना त्याचा आवाज खाली आला.

"हेर टेंबे, तुमच्यावर कुणी संशय घेत नाहीये," ब्रेनर म्हणाला. "बसा. तर, मला आधी या बाईंशी बोलू द्या."

मग तो कुंदाताईकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, तुम्ही आज बाझलला कशाला गेला होतात?"

श्रीधर भाषांतर करायला पुढे सरकला. कुंदाताईने हाताने त्याला थांबवलं आणि स्वच्छ, शाळेतल्या इंग्रजीत उत्तर दिलं. "मी भूगोलाची शिक्षिका होते. राइन बाझलला वळते असं मी हजारो मुलींना शिकवलं. ते खरं आहे का, हे तपासायला गेले होते."

ब्रेनरची मिशी हलली. "आणि?"

"वळते."

"मी इथलाच आहे," तो म्हणाला. "लहानपणी त्या वळणाच्या खाली मासे पकडायचो. मला कुणी सांगितलं नव्हतं, की भारतात मुली याच्यावर परीक्षा देतात."

"नकाशात चुकीची वळवली तर अर्धा गुण जायचा," कुंदाताई म्हणाली.

तो हसला आणि पासपोर्ट घेऊन शेजारच्या खोलीत गेला. त्याचा फोनवरचा आवाज येत राहिला. कुणाशी तरी बोलला, थांबला, पुन्हा दुसऱ्या कुणाशी. श्रीधर काचेपाशी उभा राहिला. बाहेर उर्जा काम करत होती.

तिच्यासमोर एक जुनी गाडी आली होती. टपावर बांधलेलं सामान, मागे तीन मुलं दाटीवाटीने बसलेली. चालवणारा माणूस काळासावळा, तमिळ असावा. त्याने पासपोर्ट दिले, आणखी कसला तरी कागद शोधायला लागला आणि त्याला तो सापडेना. खिशात हात घातला, वरचा खण उघडला, कागद खाली सांडले. श्रीधरला त्या माणसाचे हात दिसत होते. ते हात त्याला चांगले माहीत होते. आता ती गाडी बाजूला घ्यायला लावणार, असं त्याला वाटलं.

उर्जाने मागच्या गाड्यांना शेजारच्या ओळीत जायची खूण केली. मग ती गाडीच्या आणखी जवळ गेली, खिडकीच्या उंचीला वाकली आणि काहीतरी म्हणाली. त्या माणसाच्या हातांची घाई कमी झाली. त्याने गुडघ्यावर कागद ठेवून एकेक बघितला. ती थांबून राहिली. घड्याळाकडे बघणं नाही, बोटांनी टपावर ताल धरणं नाही. मागे बसलेल्या मुलीला तिने काहीतरी विचारलं, मुलीने खेळणं वर करून दाखवलं. शेवटी कागद सापडला. उर्जाने तो नीट वाचला, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत, काही सोडलं नाही. मग परत दिला आणि एक पाऊल मागे होऊन गाडीला वाट करून दिली. जाताना त्या माणसाने हात वर केला.

एवढ्या वर्षांत श्रीधरने किती सरहद्दी ओलांडल्या होत्या. असं कुणी त्याच्यासाठी थांबलं नव्हतं. तिच्या तपासणीत ढिलाई नव्हती, हे त्याच्यासारख्या माणसाला लगेच दिसलं. कागद तिने त्याच्याइतकाच बारकाईने बघितला होता, किंबहुना आज त्याच्याहून बारकाईने. पण माणसाचा पाणउतारा झाला नव्हता. भिंतीवरचा नकाशा बघतोय असं दाखवायला श्रीधर वळला.

"बघू दे मलाही," कुंदाताई म्हणाली आणि खुर्ची ओढून काचेपाशी घेऊन आली. दोघं मग बाहेर बघत राहिले. गाड्यांमागून गाड्या येत होत्या.

"ऑफिसात असते म्हणाला होतास," ती थोड्या वेळाने म्हणाली.

"हो."

"लाज वाटत होती?"

"राग होता," श्रीधर म्हणाला. मग थोडं थांबून, "लाजही होती. आम्हाला ज्यांनी अडवलं त्यांच्यात गेली म्हणून."

"आज तर तुलाच अडवलं तिने."

"हो ना," तो म्हणाला, आणि दोघंही हसले. बऱ्याच वर्षांत ते दोघं असे एकत्र हसले नव्हते.

ब्रेनर परत आला. हातात पासपोर्ट उघडा होता आणि त्यात एक नवा कागद चिकटवलेला. अपवाद म्हणून सरहद्दीवरच देता येतो असा एक व्हिसा असतो, जर्मन भाषेत आउसनामेविझुम. तो द्यायचा की नाही हे इथल्या प्रमुखाने ठरवायचं असतं, आणि द्यायला कारण लागतं. परतीचं तिकीट होतं, विमा होता, भाऊ इथला कायमचा रहिवासी होता, आणि हेतूत खोट दिसत नव्हती. "तुमच्या विमानाच्या दिवसापर्यंत आहे," ब्रेनर कुंदाताईला म्हणाला. "तोपर्यंत मात्र हद्दीच्या याच बाजूला राहा."

मग तो श्रीधरकडे वळला. "आणि तुम्हाला एक सांगतो. समजा, ती काही न बोलता सोडून देती, तर तुम्ही घरी गेला असता. पण परतताना फ्रँकफर्टच्या विमानतळावर हा स्विस शिक्का कुणीतरी बघितलाच असता. मग तुमच्या बहिणीवर बेकायदा प्रवेशाचा गुन्हा दाखल झाला असता आणि त्यांना इथे परत कधी येता आलं असतं का, मला शंका आहे. तुमच्या मुलीला ते तिथल्या तिथे दिसलं. तुम्हाला नाही दिसलं?"

"नाही," श्रीधर म्हणाला.

"नात्यातल्या माणसाच्या बाबतीत सगळ्यांनाच दिसत नाही," ब्रेनर म्हणाला आणि दार उघडलं.

उर्जाला दहा मिनिटांची सुट्टी मिळाली होती. ती इमारतीच्या मागच्या बाजूला, गाडीपाशी उभी होती. कुंदाताई तिच्याकडे चालत गेली. लहानपणी शिकवलं होतं तशी उर्जा नमस्कारासाठी खाली वाकली. कुंदाताईने तिला खांद्याला धरून मधेच उभं केलं.

"गणवेशात वाकायचं नाही," ती म्हणाली. "गणवेशातल्या माणसाने कुणापुढे वाकायचं नसतं. घरी आलीस की कर नमस्कार."

उर्जाचे डोळे भरले. तिने आपल्या मोडक्या मराठीत, शब्द शोधत, उत्तर दिलं. "आत्या, मला तुला... आत घ्यायचं होतं. पण मी घेतलं असतं, तर ते चूक झालं असतं. तुला आवडलं नाही का?"

"मला का नाही आवडणार?" कुंदाताई म्हणाली. "माझ्या शाळेत मी माझ्याच पुतणीला नापास केलं होतं. घरात महिनाभर कुणी बोललं नाही माझ्याशी. तू मात्र त्या साहेबाला सगळं सांगून मोकळी झालीस. शाबास."

श्रीधर थोडा दूर उभा होता. उर्जाने त्याच्याकडे बघितलं, शाळेत काहीतरी मोडून घरी आल्यावर बघायची तसं. तो तिच्याजवळ गेला. त्याला खूप काही सांगायचं होतं, पण तसं बोलायची सवय त्याला नव्हती.

"त्या तमिळ माणसाचा कागद कुठला होता?" त्याने विचारलं.

"मुलीचा. तिचा इथे राहायचा परवाना वेगळ्या कागदावर होता," ती जर्मनमध्ये म्हणाली. "का?"

"तू थांबलीस त्याच्यासाठी."

"सापडणार होता, बाबा. घाबरला की सापडत नाही."

त्याने मान हलवली. मग हात पुढे करून तिच्या छातीवरची ती नावाची पट्टी, जी जरा तिरकी झाली होती, सरळ केली. "तुझ्या शपथविधीला मी आलो नव्हतो," तो म्हणाला. "पुन्हा असा काही कार्यक्रम असतो का?"

"बढतीचा असतो. पुढच्या वर्षी, मिळाली तर."

"मिळेल," श्रीधर म्हणाला. "मला तारीख आधी सांग. सुट्टी काढावी लागते."

आतून कुणीतरी तिला हाक मारली. ती धावत गेली आणि ओळीत आपल्या जागी उभी राहिली. गाडी तिच्या समोरून पुढे सरकली तेव्हा तिने बाकी सगळ्यांना करायची तशीच त्यांनाही जायची खूण केली, तेवढ्याच उंचीवर हात, तेवढाच वेळ. श्रीधरने काच खाली करून मान लववली. अधिकाऱ्याला लववावी तशी.

संध्याकाळ अजून उजेडाची होती. फ्रायबुर्गच्या अलीकडे एका विश्रांतीच्या थांब्यावर त्याने गाडी उभी केली. कुंदाताईने पिशवीतून सकाळचे मेथीचे पराठे काढले. श्रीधर एक पराठा हातात घेऊन उभा राहिला आणि मग त्याने तो परत ठेवला, खिशातून मोबाइल काढला आणि साताऱ्याला फोन लावला. उल्हासरावांनी उचलला.

"पोचलात का घरी?" उल्हासराव म्हणाले. "दिसली का कुंदाला तिची राइन?"

"दिसली. वळते म्हणाली," श्रीधर म्हणाला. "उल्हासराव, मी तुम्हाला उर्जा सरकारी ऑफिसात आहे असं सांगितलं होतं. ती पोलिसांत आहे. सरहद्द पोलिसांत, अधिकारी. पिस्तूल असतं कमरेला."

"आपली उर्जा?"

"आपली उर्जा. आज आम्ही तिच्याच हद्दीवरून आत आलो." त्याने बहिणीकडे बघितलं. ती पराठ्याचा तुकडा हातात धरून ऐकत होती. श्रीधरचा आवाज आपोआप चढला, शेजारच्या गाडीतल्या बाईने वळून बघितलं तरी त्याने तो खाली आणला नाही. "कागदात खोट होती. तिला दिसली आणि तिने आम्हाला अडवलं. मला, उल्हासराव. मला अडवलं तिने. थांबा, तुम्हाला पहिल्यापासून सांगतो."